अनुदान यंत्राला नको, मीटरला द्या

मोठ्या कार्यालयीन इमारतीच्या तळघरात कधी गेलात तर पंपांची रांग बघा. वातानुकूलनाचे थंड पाणी मजल्यामजल्यांवर फिरवणारे हे पंप. त्यांपैकी एखाद्याच्या पुढचा व्हॉल्व्ह अर्धा मिटलेला सापडण्याची शक्यता बरीच असते. त्यामागे काही गूढ नसते. आराखडा करणाऱ्याने थोडी जादा क्षमता धरली, खरेदी करणाऱ्याने त्यावर आणखी थोडी चढवली, आणि पंप बसल्यावर पाणी गरजेपेक्षा जोरात येऊ लागले. कोणीतरी व्हॉल्व्ह आवळला, पाणी हवे तेवढे येऊ लागले, विषय मिटला. तेव्हापासून मोटर पूर्ण वेगाने फिरते आहे आणि तिच्या जोराचा मोठा हिस्सा त्या अर्धमिटल्या व्हॉल्व्हवर खर्ची पडतो आहे.

पंपाचा वेग कमी केला की प्रवाह त्याच प्रमाणात घटतो; लागणारी वीज मात्र वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते. वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज जवळपास निम्मी होते. बंद फेऱ्यात फिरणाऱ्या पाण्याच्या बाबतीत हे गणित बऱ्यापैकी खरे उतरते. म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा आणि मोटरचा वेग ड्राइव्ह (वेग कमी-जास्त करणारे उपकरण) लावून उतरवायचा, एवढेच काम. काही ठिकाणी तर तो ड्राइव्ह आधीच बसवलेला असतो, फक्त कायम पूर्ण वेगावर ठेवून दिलेला असतो!

आता इमारतींच्या ऊर्जाबचतीसाठी सरकार जे अनुदान देते त्याचा अर्ज समोर घ्या. ‘नवा उच्च-कार्यक्षमतेचा पंप’ या नोंदीला तिथे रकाना असतो, कोटेशन जोडायला जागा असते. ‘व्हॉल्व्ह उघडला, वेग उतरवला’ याला सहसा रकाना नसतो. मग मालक काय करील? नवा पंप घेईल. तो पुन्हा गरजेपेक्षा मोठा निघेल, आणि काही महिन्यांत त्याच्याही पुढचा व्हॉल्व्ह कोणीतरी आवळेल.

माझा आक्षेप अनुदानाला नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने जगातल्या अंतिम ऊर्जावापरापैकी सुमारे ३० टक्के ऊर्जा इमारती चालवण्यात जाते आणि ऊर्जेशी निगडित उत्सर्जनापैकी सुमारे २६ टक्के उत्सर्जन त्यातून होते. यात घरे आहेत, तशी कार्यालये, दुकाने, हॉटेले आणि रुग्णालयेही आहेत. यातल्या कित्येक इमारती आजच उभ्या आहेत आणि अजून काही दशके उभ्या राहतील. त्या पाडून नव्या बांधणे हा उपाय नव्हे, म्हणून आहेत त्यांची दुरुस्ती करावी लागणार आणि त्यात सार्वजनिक पैसा लागेल हे मला मान्य आहे. प्रश्न असा आहे की तो पैसा नेमका कशाच्या बदल्यात द्यायचा. आज तो बहुतेक ठिकाणी यंत्राच्या पावतीच्या बदल्यात दिला जातो. तो मीटरवर दिसलेल्या बचतीच्या बदल्यात द्यावा, असे माझे म्हणणे आहे.

अनुदानाच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा मालक आणि भाडेकरू यांच्या नात्यातला आहे. व्यापारी इमारतीत यंत्रे मालक घेतो आणि विजेचे बिल बहुधा भाडेकरू भरतो. ज्याच्या हातात पाना आहे त्याला बचत मिळत नाही, आणि ज्याला बचत हवी त्याच्या हातात पाना नाही. चार वर्षांत खर्च भरून काढणारी सुधारणा दोघांपैकी कोणीच करत नाही. भाडेकरूचा करारच मुळी तीन वर्षांचा असतो. इथे बाजार आपसूक काम करील असे म्हणणाऱ्यांनी एकदा भाडेकरार वाचून पाहावा.

पण अनुदानाने ही गाठ सुटते का? समजा सरकारने निम्मा खर्च उचलला. उरलेला निम्मा मालकाच्याच खिशातून जाणार आणि बचत पूर्वीसारखीच भाडेकरूकडे जाणार. जो पैसा परत येणार नाही, त्याचा निम्मा भागही परत येणार नाहीच. गाठ सुटायची तर बचतीचा अंश मालकाच्या भाड्यात दिसायला हवा, आणि भाडे वाढण्यासाठी भाडेकरूला आधी कळायला हवे की ही इमारत किती खाते.

ऑस्ट्रेलियातला अनुभव इथे बोलका आहे. १९९८ साली न्यू साउथ वेल्स राज्यात कार्यालयीन इमारतींना तारे देण्याची पद्धत सुरू झाली. तीच पुढे ‘नेबर्स’ या नावाने देशभर पसरली. तिचे वैशिष्ट्य असे की तारे आराखड्यावरून ठरत नाहीत, बारा महिन्यांच्या प्रत्यक्ष वापरावरून ठरतात. काच कुठली बसवली, दिवे कुठले लावले याच्याशी तिला कर्तव्य नाही. २०१० पासून २,००० चौरस मीटरवरच्या कार्यालयीन जागा विकताना वा भाड्याने देताना हे तारे जाहीर करणे बंधनकारक झाले आणि २०१७ मध्ये ती मर्यादा १,००० चौरस मीटरवर आणली गेली. त्याच सुमारास केंद्र सरकारने जुन्या कार्यालयांच्या सुधारणेसाठी निम्म्या खर्चापर्यंतचे अनुदानही दिले होते. तो निधी काही वर्षांत संपला. तारे अजून चालू आहेत. जाहिरातीत दोन तारे छापावे लागणे मालकाला जेवढे झोंबते तेवढे कुठलेही अनुदान त्याला भुरळ घालत नसावे, असे मला वाटते.

शिवाय अनुदान कोणापर्यंत पोचते हेही बघावे. स्पर्धात्मक योजनेत ज्याचा अर्ज नीट तो जिंकतो, आणि नीट अर्ज लिहायला सल्लागार लागतो. पन्नास मजली मनोऱ्याच्या मालकाकडे स्वतःचे अभियंते असतात, ऊर्जा-लेखापरीक्षणाचा अहवाल तयार असतो, चिलर, म्हणजे वातानुकूलनाचे पाणी थंड करणारे यंत्र, बदलायचे पुढच्या वर्षी ठरलेलेही असते. त्याने अर्ज केला, पैसे मिळाले, आणि जे तो करणारच होता ते त्याने सरकारच्या पैशात केले. कागदावर ही योजना यशस्वी दिसते, कारण यंत्र खरोखर बसलेले असते. दुसऱ्या टोकाला तीन मजल्यांची, चाळीस वर्षांची, चार भाडेकरूंची इमारत. तिच्या मालकाला आपले बिल जास्त येते की कमी हेसुद्धा ठाऊक नसते, कारण तुलना करायला काही नसते. सार्वजनिक पैशाने जिथे खरोखर फरक पडेल ती जागा ही, आणि अर्ज येत नाही तो नेमका इथूनच.

आता अंदाज आणि वास्तव यांतल्या दरीकडे येऊ. यंत्रावर पैसे देणाऱ्या योजना बचतीचा आकडा आधी गणिताने काढतात आणि नंतर तोच आकडा यश म्हणून सांगतात. मेरेडिथ फाउली, मायकेल ग्रीनस्टोन आणि कॅथरिन वोल्फ्रम या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये तीस हजारांहून अधिक कुटुंबांचा अभ्यास केला. घरांना उष्णतारोधक बनवण्याच्या सरकारी योजनेत गणिताने दाखवलेली बचत प्रत्यक्ष बचतीच्या अडीचपटींहून जास्त होती, असे त्यांना आढळले. मेक्सिकोने २००९ पासून जुने फ्रीज आणि एसी बदलून घेण्यासाठी मोठी योजना राबवली. तिथे फ्रीज बदलल्यावर वीज ८ टक्क्यांनी घटली, म्हणजे अपेक्षेच्या चौथ्या हिश्श्याइतकी, आणि एसी बदललेल्या घरांत तर वापर वाढला. नवा एसी स्वस्तात चालतो म्हटल्यावर तो जास्त वेळ लावला जाणे यात नवल ते काय? ही उदाहरणे घरांची आहेत, कार्यालयांची नाहीत, हे कबूल. पण कार्यालयात वापर ठरवणारी माणसे आणखी विखुरलेली असतात आणि बिल कोणालाच दिसत नाही. तिथे गणित अधिक अचूक ठरावे असे मानायला मला काही कारण दिसत नाही.

‘मग मीटरवर पैसे द्या’ हे म्हणणे सोपे आहे, पण मीटर चुकीचा निवडला तर काय होते याचा धडाही इतिहासात आहे. उत्तर आयर्लंडमध्ये २०१२ साली व्यवसायांसाठी एक योजना आली. लाकडाच्या गोळ्यांसारख्या नूतनीकरणीय इंधनावर उष्णता निर्माण करा, आणि जेवढी युनिट उष्णता तेवढे पैसे घ्या. युनिटमागे मिळणारी रक्कम इंधनाच्या खर्चापेक्षा जास्त होती आणि ब्रिटनमधल्या तशाच योजनेत ठेवलेली, ठरावीक वापरानंतर दर उतरवणारी टप्प्यांची मर्यादा इथे ठेवायची राहून गेली. परिणाम उघड होता: जितके जाळाल तितके कमवाल. २०१६ च्या सुरुवातीला योजना बंद करावी लागली. तिच्यावरून पेटलेल्या वादात २०१७ च्या जानेवारीत उपप्रथममंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला, तिथले सरकार कोसळले आणि विधानसभा तीन वर्षे ठप्प राहिली. तिथे मीटर होता, वाचलाही जात होता. पण तो वापर मोजत होता, बचत नव्हे.

बचत मोजणे अवघड आहे, कारण बचत म्हणजे न वापरलेली वीज, आणि जे घडलेच नाही त्याचा मीटर नसतो. गेल्या वर्षीच्या बिलाशी तुलना करायची तर गेल्या वर्षीचा उन्हाळा, भाडेकरूंची संख्या, कामाचे तास हे सगळे हिशेबात धरावे लागते. २०२० मध्ये जगभरची कार्यालये ओस पडली तेव्हा कित्येक इमारतींनी काहीही न करता ‘बचत’ केली. त्या वर्षाच्या आकड्यावर कोणी अनुदान वाटले असते तर ते रिकाम्या खुर्च्यांना गेले असते. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे. तापमान आणि वापराचे तास धरून आधाररेषा, म्हणजे सुधारणा केली नसती तर किती वापर झाला असता तो आकडा, ठरवण्याच्या पद्धती गेली काही दशके प्रचलित आहेत आणि ऊर्जासेवा कंपन्या त्यांच्या जोरावरच बचतीची हमी देऊन करार करतात. सिंगापूरची वाटचाल या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिथे २००९ च्या योजनेत जुन्या इमारतींच्या सुधारणाखर्चाचा ३५ टक्क्यांपर्यंतचा वाटा सरकार उचलत असे. २०२२ च्या नव्या आवृत्तीत रकमेची सांगड किती टन कर्ब-उत्सर्जन घटले याच्याशी घातली गेली. पावतीकडून परिणामाकडे जाण्याची ही दिशा मला योग्य वाटते.

परिणामावर पैसे दिले की आणखी एक गोष्ट घडते: स्वस्त उपायांना किंमत येते. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली ६४३ इमारतींच्या नोंदी तपासल्या. या इमारतींत यंत्रे न बदलता आहेत ती नीट लावून घेतली होती. सेन्सर खरे दाखवतात का, हीटिंग आणि कूलिंग एकाच वेळी चालू तर नाही, रात्री पंखे बंद होतात का, अशी तपासणी करून घड्याळे आणि सेटिंग दुरुस्त केली होती. जुन्या इमारतींत ऊर्जेची मध्यक बचत १६ टक्के निघाली आणि खर्च साधारण १.१ वर्षात भरून आला. इतका चांगला सौदा यंत्रखरेदीत क्वचितच सापडतो. तरी अनुदान याला सहसा मिळत नाही, कारण यात मालमत्ता तयार होत नाही. तयार होते ती एका माणसाच्या वहीतली सेटिंगची यादी. त्या माणसाने नोकरी सोडली, किंवा एका साहेबांना उकडले म्हणून कोणी सेट पॉइंट (ठरवून दिलेले तापमान) खाली आणून तसाच ठेवला, की वर्षभरात सगळे जिथल्या तिथे. म्हणूनच मला वाटते की लहान इमारतींच्या गटासाठी एका जाणत्या ऑपरेटरचा तीन वर्षांचा पगार हे सरकारने द्यायचे सर्वांत फलदायी अनुदान ठरावे. त्याचे उद्घाटन करता येत नाही, ही अडचण आहे खरी.

पाण्याकडे तर या योजना शेवटच्या ओळीत वळतात: ‘ऊर्जा आणि पाणी’ यातले ‘आणि पाणी’. वास्तविक अनुदानाची खरी गरज पाण्याला जास्त आहे. वीज महाग असते, त्यामुळे वीजबचतीचा खर्च कधी ना कधी निघतो. पाणी बहुतेक ठिकाणी त्याच्या खऱ्या किमतीपेक्षा इतके स्वस्त विकले जाते की पाणीबचतीचा खर्च मालकाच्या हिशेबात निघतच नाही. इथे मालक आळशी आहे असे म्हणता येत नाही. दरच त्याला चुकीचे सांगत असतो.

त्यात वीज आणि पाणी एकमेकांच्या पायात पाय घालतात. मोठ्या इमारतीच्या गच्चीवर कूलिंग टॉवर असतो. तिथे पाण्याची वाफ करून इमारतीतली उष्णता बाहेर टाकली जाते. एक लिटर पाणी उडाले की सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. वाफेबरोबर क्षार उडत नाहीत, ते मागे साठतात, म्हणून काही पाणी सतत सोडून द्यावे लागते. पाण्यातले क्षार मूळच्या तिप्पट होईपर्यंत थांबलो तर १०० लिटर वाफेमागे १५० लिटर ताजे पाणी लागते. सहापट होईपर्यंत थांबता आले तर १२०. म्हणजे वातानुकूलनात काहीही न बदलता, फक्त पाण्यावरची प्रक्रिया आणि निचऱ्याचे नियंत्रण सुधारून, टॉवरच्या पाण्यात पाचव्या हिश्श्याची बचत होते. याउलट पाणीबचतीचे खाते वेगळे असेल, तर ते म्हणेल की टॉवरच काढा आणि हवेने थंड होणारा चिलर बसवा. पाणी शून्य! पण तसा चिलर वीज जास्त घेतो, आणि ती वीज औष्णिक केंद्रातून येत असेल तर तिथल्या टॉवरमधून पाणी उडतेच. दोन खाती, दोन योजना. प्रत्येकीला आपापले यश दिसते आणि बेरीज कोणीच करत नाही.

स्वच्छतागृहांतही हाच घोटाळा लहान प्रमाणावर होतो. जुनी १३ लिटरची टाकी काढून ६ लिटरची बसवली की फ्लशमागे ७ लिटर वाचतात, पाकिटावर तसे छापलेलेही असते. ब्रिटनमध्ये पूर्वी सायफनच्याच टाक्या चालत, आणि त्या रचनेत पाणी गुपचूप भांड्यात गळू शकत नाही. २००१ पासून तिथे झडपेच्या टाक्यांना परवानगी मिळाली आणि झडपेखाली कचरा अडकून होणारी गळती हा नवा त्रास सुरू झाला. मिनिटाला पाव लिटर गळले तरी दिवसाला ३६० लिटर होतात. पन्नासेक फ्लशची बचत त्यात गेली, आणि हे पाणी भांड्याच्या पाठीवरून इतके पातळ ओघळते की नजरेलाही पडत नाही. ते पकडायला फार काही लागत नाही. मध्यरात्री, इमारत रिकामी असताना, पाण्याचा मीटर वाचायचा. त्या वेळी जे वाहते ते जवळपास सगळे गळतीचे. असा तासातासाची नोंद ठेवणारा मीटर सरकारने सरसकट फुकट दिला तरी मला तो खर्च वावगा वाटणार नाही.

वस्तूंच्या यादीवर अनुदान देण्यातला आणखी एक दोष क्रमाचा. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगची ऊर्जासुधारणा २००९ साली जाहीर झाली. तिथे आधी ६,५१४ खिडक्या इमारतीतच उभारलेल्या कार्यशाळेत नव्याने बांधून काढल्या, रेडिएटरमागे उष्णतारोधक बसवले, दिवे सुधारले. त्यामुळे थंडाव्याची गरजच इतकी उतरली की जुने चिलर काढून मोठे नवे घेण्याऐवजी आहेत तेच दुरुस्त करून भागले. अपेक्षित बचत होती ३८ टक्के. चिलरसाठी वेगळे आणि खिडक्यांसाठी वेगळे अनुदान असते तर चिलर आधी बदलला गेला असता, कारण त्याचे कोटेशन लवकर मिळते. मग खिडक्या सुधारल्यावर तो गरजेपेक्षा मोठा ठरला असता आणि अर्ध्या भारावर रखडत राहिला असता.

नियम आणि दंडाच्या वाटेने गेलेली शहरेही आहेत. टोकियोने २०१० मध्ये मोठ्या इमारतींवर उत्सर्जनाची मर्यादा घातली. न्यूयॉर्कच्या २०१९ च्या कायद्याने २५,००० चौरस फुटांवरच्या बहुतेक इमारतींना २०२४ पासून मर्यादा लागू केली, आणि ती ओलांडली तर टनामागे २६८ डॉलर दंड ठेवला. जिथे असे नियम आहेत तिथे मोठ्यांना अनुदान देण्याचे कारण उरत नाही; कायदा पाळण्याचे बक्षीस कशाला? तिथला पैसा ज्यांना नियम झेपणार नाही अशा लहान मालकांसाठी राखावा.

आणि घाई नको. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये मंदीवर उतारा म्हणून घरांच्या छतांत उष्णतारोधक भरण्याची योजना धडाक्यात काढली. प्रशिक्षण नसलेले कंत्राटदार त्यात घुसले आणि चार तरुण कामगारांचा जीव गेला. वर्षभरात योजना गुंडाळावी लागली. पैसा एकदम सोडला की काम करणारे हात एकदम तयार होत नाहीत.

माझ्या मते अनुदान तीन हप्त्यांत असावे. पहिला हप्ता लहान, अर्ज जवळजवळ न विचारता: मीटर, सबमीटर (एकेका मजल्याचा वा यंत्राचा वेगळा मीटर) आणि तपासणी यांसाठी. दुसरा कामाच्या वेळी, पण त्यात काय बदलायचे याची यादी सरकारने देऊ नये. ते इमारतीने ठरवावे. तिसरा, सर्वांत मोठा, बारा महिन्यांनंतर मोजलेल्या बचतीवर, वीज आणि पाणी एकत्र धरून. लहान मालकाला तोवर थांबणे परवडत नाही हा आक्षेप रास्त आहे. त्याला दुसऱ्या हप्त्याबरोबर बिनव्याजी उचल द्यावी आणि ती तिसऱ्या हप्त्यातून वळती करावी.

खरी हरकत वित्त विभागाकडून येईल. आर्थिक वर्ष बारा महिन्यांचे, आणि काम करून वर्षभर मोजायचे म्हटले तर किमान दोन वर्षे लागतात. न खर्चलेला निधी परत जातो, म्हणून खाते यंत्रांच्या पावत्या गोळा करून वर्षअखेरीच्या आत हात मोकळे करते. यंत्रांवर पैसे देण्याचे एक मोठे कारण बहुधा हेच आहे. त्यात तांत्रिक असे फारसे काही नाही. वर्ष उलटले तरी न बुडणारा वेगळा निधी काढल्याशिवाय तिसरा हप्ता कागदावरच राहील. आणि तो निधी काढलाच, तर ज्या इमारतींत बचत झाली नाही त्यांचे आकडेही यशस्वी इमारतींबरोबर, त्याच तक्त्यात जाहीर व्हावेत.